सातपुडा मोटर रिवाइंडिंग आणि घोड्यावरचा चुनीलाल

…आणि वर मलाच म्हणतात, थापाड्या! मी? अहो, तुम्हाला सांगतो, यातला एकूण एक शब्द खरा आहे, तापीमाईची शपथ, प्रकाशा गावच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगायला तयार आहे, मी स्वतः तिथं हजर होतो, या दोन डोळ्यांनी पाहिलंय! म्हणजे… त्या दिवशी तसा मी सुरतला होतो, मामेभावाकडे, त्यामुळं डोळ्यांनी असं नाही, पण ज्यानं पाहिलं त्यानं मला सांगितलं, आणि तो माणूस जन्मात खोटं बोललेला नाही, एकदाच बोलला, तेही लग्न जमवताना, ते कोण धरतं? मुद्दा काय, की आज ज्याला बघावं तो दिलवरसिंगचं कौतुक करतोय, करावं, हजारदा करावं, आपल्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव त्या माणसानं पार बर्फाच्या मुलखात नेलं, माझी ना आहे का? पण त्या चुनीलालचं काय हो? बिचाऱ्या नवरदेवाचं? मे महिन्याचं ऊन, डोक्याला फेटा, तोंडावर फुलांचा सेहरा, अंगात सुटाचा जाड कोट, आणि मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत सातशे पावलं जायला सात तास! सात! ताशी शंभर पावलं! लोक घाई करणाऱ्याला विचारतात ना, घोड्यावर बसून आलास का? त्यांनी चुनीलालला घोड्यावर बघितलेलं नाही!

पण थांबा, असं मधूनच सांगून नाही जमणार. पहिल्यापासून घेऊ.

दिलवरसिंग पावरा. धडगावच्याही वर, जिथं एसटी जाते पण परत कधी येईल ते कंडक्टरसुद्धा देवावर सोडतो, अशा एका पाड्यावरचा. त्याचा बाप जेठ्या. आणि जेठ्या म्हणजे ढोलाचा माणूस! होळीला त्या अंगाच्या सगळ्या पाड्यांचे ढोल निघतात, कमरेला घुंगरं बांधून माणसं येतात, पण जेठ्याचा ढोल दोघांनी उचलायचा आणि एकट्या जेठ्यानं वाजवायचा. तो वाजला की तीन डोंगर पलीकडं भाकर खात बसलेल्या माणसाच्या तळपायाला कळायचं, चला, होळी उभी राहिली. कानाला नाही हं, तळपायाला! जेठ्याचं म्हणणंच ते. दिलवरसिंग अठरा वर्षांचा झाला तेव्हा बापानं होळीला पहिल्यांदा त्याच्या हातात ढोल बडवायचं टिपरू दिलं. पोरानं जीव तोडून वाजवलं. बापानं डोळे मिटून ऐकलं, मग अलगद टिपरू काढून घेतलं आणि पावरीत एवढंच म्हणाला, मी मराठीत सांगतो, "कानात आला. पायात नाही आला. पायात येईल तेव्हा टिपरू माग."

संपलं! शिव्या दिल्या असत्या तर बरं, माणूस उलटून बोलतो, रुसतो, जेवतो, झोपतो. यावर काय बोलणार? दिलवरसिंग दुसऱ्या दिवशी डोंगर उतरला तो थेट शहाद्याला, तिथं मोटर वायंडिंग शिकला, आणि शेजारीच लोणखेड्याला पत्र्याची टपरी टाकून वर पाटी लावली, 'सातपुडा मोटर रिवाइंडिंग'. केळी, पपई, ऊस, सगळा पाण्याचा मुलूख, आणि लाइट अशी येते की मोटर जळलीच पाहिजे. धंदा जोरात. पण तुम्हाला सांगतो, त्याच्या डोक्यात रात्रंदिवस तेच, पायात नाही आला… पायात नाही आला… जळकी मोटर उघडली की जुनी तार काढायची, नवी भरायची, जोडून बघायची, आणि मोटर घूंऽऽ करायला लागली की हा चप्पल काढून तिच्याजवळ उभा राहायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "दिलवरभाऊ, काय करताय?" हा म्हणायचा, "ऐकतोय." पायानं!

त्यात सुरतेचा एक ऑर्केस्ट्रा मोडला आणि त्यांचं एक इलेक्ट्रिक गिटार फिरत फिरत शहाद्याच्या भंगारवाल्याकडं आलं. तारा होत्या, आवाज नव्हता. तारांखाली जी काळी डबी असते, तारेचा आवाज पकडणारी, ती गेलेली. दिलवरसिंगनं डबी उघडली आणि बघतो तर काय, आत वायंडिंग! केसाएवढ्या तारेची गुंडाळी! म्हणाला, हे तर आपलंच काम. बसला भरायला. आता किती वेढे भरायचे हे कुठं लिहिलेलं नव्हतं, मग यानं आपल्या धंद्याच्या हिशेबानं भरले, तार बारीक तर वेढे जास्त, डबीत मावतील तेवढे आणि वर अजून थोडे. जोडलं, तार छेडली… अहो, तो काय गिटारचा आवाज होता? पाच एचपीची मोटर चिखलात रुतून देवाचं नाव घेतेय, असा आवाज! समोरच्या चहावाल्याच्या कपावरची साय सरकली. खोटं वाटत असेल तर चहावाल्याला विचारा. तो वारला, पण त्याच्या मुलाला विचारा.

मग दोघं जण येऊन मिळाले. एक जोसेफ गावित, नवापूरकडचा, शहाद्यात वायरमन, गावाकडं चर्चमध्ये बास गिटार वाजवायचा. दुसरा शिवाजी, म्हसावदचा, बँडपथकात मोठा ड्रम बडवायचा, आणि बडवता बडवता बडबडायचा, त्यामुळं तीन पथकांनी काढून टाकलेला. तिघं भेटायचे कुठं? केळीच्या बागेत, एका मोडक्या ट्रॅक्टरपाशी. का? तर त्या ट्रॅक्टरला टेप होता! शिवाजीनं एक कॅसेट आणली, त्या साली गाजलेलं नाचाचं गाणं, म्हणाला, "हाई एक गाणं शिकी घ्या भो, आख्खी लग्नसराई खिसामा!" आणि इथं घोळ झाला. ट्रॅक्टर सहा महिने उभा, बॅटरी उतरलेली. टेप लागला तो असा की गाणारी बाई नाही, डोंगराखालून कोणी राक्षस जांभई देतोय. पाच मिनिटांचं गाणं बारा मिनिटं. या तिघांनी मूळ गाणं धड कधी ऐकलंय कुठं? दिलवरसिंगकडं मोटरींचा गोंगाट, जोसेफ चर्चवाला, आणि शिवाजीनं ऐकलं होतं पण स्वतः बोलत असताना! त्यांना वाटलं गाणं असंच आहे. जोसेफ म्हणाला, "दिलवर, देवाच्या घरातसुद्धा एवढं हळू गात नाहीत रे, तिथं लोकांना नंतर जेवायला जायचं असतं." शिवाजी म्हणाला, "भो, हाई गाणं शे का रोडना रोलर शे?" दिलवरसिंग चप्पल काढून उभा. म्हणाला, "हेच पाहिजे. अजून हळू."

आणि ऐका, अजून एक. बारा मिनिटांचं गाणं साडेअकराव्या मिनिटाला आलं आणि टेपनं फीत गिळली! खर्रऽऽ… कॅसेटचा चिवडा! म्हणजे गाण्याचा शेवट कसा, हे त्यांनी ऐकलंच नाही. दोन महिने तालीम केली ती आठवणीवर, आणि आठवणीत शेवटच नाही! जोसेफनं विचारलं, "मग संपवायचं कसं?" शिवाजी म्हणाला, "शेवट कोले माहीत शे? वाजाडत ऱ्हावानं!"

आता चुनीलालकडं येतो. बिचाऱ्याचं लग्न ठरलं शहाद्याजवळच्याच गावात, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. लग्नाची तीथ मोठी, शहाद्यातली सगळी बँडपथकं आधीच बुक. चुनीलालचा बाप मोटर न्यायला लोणखेड्याला आला आणि बागेतून आवाज ऐकून विचारतो, "गाणी येतात का रे?" दिलवरसिंग खोटं बोलत नाही, म्हणाला, "एक येतं." बाप म्हणाला, "चालंल, सातशे पावलांचा तर रस्ता, कितीशी लागतात?"

कितीशी लागतात! ऐकलंत?

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. बँड पुढं, नाचणारे मधे, घोडा मागं. घोड्यानं बँडला ओलांडायचं नाही, अपशकुन. बँडनं गाणं अर्धं टाकून पुढं सरकायचं नाही, अपमान. आणि नवरदेवानं एकदा घोड्यावर टांग टाकली की मांडवाच्या दारात सासूनं ओवाळेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही, मग आभाळ कोसळो. आता जोडा तीन गोष्टी! गाण्याला शेवट नाही! साडेनऊला मारुतीपुढं गाणं सुरू झालं, ट्रॉलीवर जनरेटर, जनरेटरशेजारी हे तिघं, आणि पहिला ठोका पडला, धम्मऽऽ… मग इतका वेळ काहीच नाही की एका पाहुण्याला वाटलं कार्यक्रम संपला, तो चप्पल घालायला गेला… आणि मग दुसरा, धम्मऽऽ! अर्धा तास, पाऊण तास, उन्हानं जनरेटर तापून बंद पडायचा तेव्हाच गाणं तुटायचं, तेवढ्यात सगळ्यांनी पन्नास-साठ पावलं सरकून घ्यायचं, जनरेटरवर ओलं पोतं टाकायचं, तो गार झाला की पुन्हा पहिल्यापासून! आणि चुनीलाल? चुनीलाल घोड्यावरच.

दिलवरसिंगला वाटलं, आता दगड येणार. खरंच सांगतो, वाजवता वाजवता तो जनरेटरच्या आड सरकत होता. पोरं नाचायला उभी, पाय उचलतात, खाली ठेवायला तालच येईना, एका पायावर बगळ्यासारखी! कोणी शिट्टी मारली, कोणी ओरडलं, "ओ भाऊ, मोटर जळनी का?" आणि एवढ्यात काय झालं, चुनीलालची आजी, रेवाबाई, पंच्याऐंशी वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, बैलगाडीच्या सावलीत बसली होती, ती उठली. काठी टाकली. एक पाय उचलला… धम्मऽऽ… ठेवला. दुसरा उचलला… वेळच वेळ… धम्मऽऽ… ठेवला. बाई नाचायला लागली! म्हणाली, "पंचवीस वरीसमा पहिलांदाव मन्हा पायले जमी असा बाजा वना!" अहो, तिला बघून गावातले सगळे गुडघेवाले, कंबरवाले, दमेवाले उठले! ज्या म्हाताऱ्यांना वरातीत कधी कोणी नाचू दिलं नव्हतं ते सगळे रस्त्यावर, हात वर, डोळे मिटून, सावकाश, जशी केळीची बाग वाऱ्यावर डुलावी! मग त्यांना बघून पोरं शिकली. बाराला दोनशे माणसं एका ठोक्याला एक पाय टाकत होती. आणि दिलवरसिंग? त्याचं लक्ष सगळ्यांच्या पायांकडं. मनात एकच, बा, तू इथं पाहिजे होतास.

बारा पस्तीस झाले. एक वाजला. मांडवात सासूबाई फुलवंताबाई ओवाळणीचं ताट धरून उभी, ताटातला दिवा तीनदा विझला. शेवटी ताट घेऊनच रस्त्यावर आली, "ओ बाजावाला भाऊ! पुढे सरकतस का तठेच घर बांधतस? मन्ह्या बट्ट्या गार हुई गयात नं!" आणि खानदेशी माणसाला सांगायला नको, वरण पुन्हा तापवता येतं, वांग्याची भाजी तापवता येते, पण कणकेची बट्टी एकदा गार झाली की तिनं खिळा ठोकता येतो. शिवाजी ड्रमवरून ओरडला, "मावशी, गाणं सरू द्या ना!" मावशी म्हणाली, "कवय सरी?" शिवाजी म्हणाला, "कोले माहीत शे?" तिनं वर बघितलं आणि किंचाळली, "माय वं! जवाई घोडावर सुकी गया नं!" वाळला नव्हता, झोपला होता. आणि तो एकटा नाही, घोडासुद्धा! त्या खर्जानं घोडा उभ्या उभ्या घोरत होता. आणि चुनीलाल मान खाली घालून, सेहरा छातीवर, घोड्यावरच.

साडेचारला ऐन मांडवाच्या दारात डिझेल संपलं तेव्हा मिरवणूक पोचली. लग्न लागलं गोरज मुहूर्तावर. जनरेटर बंद झाला तशी दोनशे माणसांची पावलं थांबली. मग सगळे एकदम ओरडले, "अजून एक!" यांना येतच एक होतं, तर तेच पुन्हा.

तिथून जी गाडी सुटली, विचारू नका! पुढच्या लग्नसराईत सातपुडा मोटर रिवाइंडिंग नाही तर लग्न नाही. हो, बँडचं नाव तेच पडलं, कारण ट्रॉलीवर जनरेटरला सावली म्हणून दुकानाचीच पाटी लावलेली होती. भटजी मुहूर्त काढताना आधी विचारायचे, बँड कोणता, आणि दिलवरसिंग असला तर पत्रिकेत मिरवणूक आदल्या दिवशी टाकायचे. बरं, आदल्या दिवशी नाही, पण पहाटे तर नक्की. त्या आवाजानं केळीचे घड चार दिवस आधी पिकतात म्हणून बागाईतदार बांधावर बोलवायचे. रडणारी पोरं झोपायची. शहाद्याच्या स्टँडवर एकदा वाजवलं तर दोंडाईच्याची गाडी वेळेवर सुटली, आता याचा संबंध काय ते मलाही माहीत नाही, पण सुटली.

आणि प्रत्येक वर्षी दिलवरसिंग बापाला बोलवायचा. जेठ्या तीनदा आला. एकदा लग्नात, एकदा यात्रेत, एकदा शाळेच्या मैदानात मोठ्या स्टेजवर. तिन्हीदा चप्पल काढून उभा राहिला, डोळे मिटले, शेवटपर्यंत ऐकलं, म्हणजे डिझेलपर्यंत, आणि तिन्हीदा तेच, "कानात आला." आणि डोंगर चढून परत. जग टाळ्या वाजवतंय, आणि हा रात्री भाकर पुढं घेऊन नुसता बसलाय. बायको मोतीबाई म्हणायची, "म्हातारा आहे, हट्टी आहे, सोडा की." हा म्हणायचा, "हट्टी नाही. बरोबर आहे."

आता जगात कसं गेलं ते ऐका. चुनीलालच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं अजित नावाच्या माणसानं, सातही तास, बंद कसं करायचं हे विसरला होता म्हणून. पुढं कित्येक वर्षांनी त्यानं ते सगळंच्या सगळं इंटरनेटवर टाकलं. आणि ते गाजलं! कुठून कुठून माणसं बघायला लागली, सात तास! लोणखेड्याला कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या संध्या मॅडम धावत दुकानात आल्या, "दिलवरभाऊ, तुम्ही जे वाजवता त्याला बाहेर स्टोनर रॉक म्हणतात! हळू, जड, खर्जातलं. तिकडं पोरं वाळवंटात जनरेटर नेऊन वाजवायची!" दिलवरसिंग म्हणाला, "वाळवंटात मोटर कशाला लागते?" मॅडम म्हणाल्या, "आणि स्टोनर म्हणजे… जरा नशेत असणारे." हा घाबरला, "मॅडम, वायंडरनं नशा केली तर हात हलतो, तारेला तार लागते, मोटर जळते. आमच्यात नशा फक्त जनरेटरला होते, डिझेलमध्ये रॉकेल आलं की!"

मग यंदाच्या फेब्रुवारीत चार दाढीवाले गोरे शहाद्याला एसटीतून उतरले. कुठल्यातरी थंड देशातले, जिथं म्हणे सूर्य वर्षातून ठरवून येतो. त्यांचा तिकडं मोठा बँड, हजारो लोक येतात, आणि चौघांच्या अंगावर एकच काळा टी-शर्ट. त्यावर काय? घोडा! घोड्यावर सेहरा बांधलेला, मान टाकून झोपलेला नवरदेव! खाली इंग्रजीत, सातपुडा मोटर रिवाइंडिंग! बघा हं, दिलवरसिंगचं चित्र नाही, जोसेफचं नाही, चुनीलालचं! अर्ध्या जगाच्या छातीवर चुनीलाल, आणि त्याला कोणी विचारलं का, बाबा रे, चालेल का? तिथंसुद्धा बिचारा घोड्यावरच!

त्या चौघांना, मॅडमनी इंटरनेटवर लिहिलं होतं ना, तो ट्रॅक्टर बघायचा होता. बघितला. उतरलेली बॅटरी हातात घेऊन फोटो काढले, एक तर रडला. थोरला दाढीवाला मॅडमना म्हणाला, यांना विचारा, गाण्याला शेवटच द्यायचा नाही हे धाडस तुम्ही कुठून आणलं? मॅडमनी विचारलं. दिलवरसिंग म्हणाला, "फीत गुंतली होती." मॅडमनी सांगितलं. चौघांनी वहीत लिहून घेतलं आणि हात जोडले. आज त्या मुलखात म्हणे दहा बँड असे आहेत जे मुद्दाम उतरलेल्या बॅटरीवर तालीम करतात, आणि तिकडच्या गिटारींच्या डब्या पार्सलनं लोणखेड्याला येतात, जास्तीचे वेढे भरायला! दुकानावर नवी पाटी आहे, 'पाण्याच्या मोटरी व विलायती गिटार भरून मिळतील'. जाऊन बघा!

तर त्या चौघांसाठी कार्यक्रम ठरला, दुपारचा, लोणखेड्याच्या शिवारात. माणसं दहा हजार… बरं, पाच… बरं, मोजली नाहीत, पण बट्ट्यांचा घाणा चारदा लावावा लागला. आणि डोंगरावरून जेठ्या आला. ब्याऐंशी वर्षांचा. येताना आपला तो ढोल दोन माणसांच्या खांद्यावर घेऊन आला, पाड्यावर मागं ठेवला तर उंदीर कुरतडतात म्हणून, असं म्हणाला, आणि आल्या आल्या पोराला म्हणाला, "आता चढण होत नाही. हे शेवटचं ऐकणं." दिलवरसिंग तडक स्टेजकडं गेला. स्टेज बघतो, लोखंडी, चाकांवर, आवाज सगळा हवेत जाणार. चौथ्यांदाही कानातच येणार! जोसेफ म्हणाला, "आवाज वाढवू." हा म्हणाला, "वाढवून कानच फुटतील, पाय बहिरेच." आणि इकडं बघतोय, तिकडं बघतोय, आणि त्याला दिसली विहीर. शेताच्या मधोमध, जुनी, चाळीस हात खोल, पाणी केव्हाच आटलेलं, खणखणीत कोरडी.

अहो, ज्या माणसानं आयुष्यभर जमिनीच्या पोटात मोटरी सोडल्या, त्याला काय सुचणार? "चेनपुली आणा!" चार मोठे स्पीकर साखळीला बांधले, जशी मोटर सोडतात तसे, हळूहळू, "येऊ द्या… येऊ द्या… बस!" तळाला टेकवले. गोऱ्यांना वाटलं माणूस आपलं सामान फेकून देतोय. शिवाजी म्हणाला, "भो, आते पाताळमा लगीन शे का?" वरून विहिरीच्या तोंडावर बागेतली सगळी ताडपत्री ताणून बांधली, काठाला गच्च. काय झालं कळलं का? विहीर म्हणजे जमिनीचाच ढोल!

पहिला ठोका. वर काही ऐकू आलं नाही. खरं सांगतो, काहीच नाही! आणि मग… तळपायातून… धम्मऽऽ… टाच, पोटरी, गुडघा, बरगड्या! पाच हजार माणसांनी एकदम खाली बघितलं! पपया टपाटप गळल्या, शेजारच्या शेतातली बंद मोटर घूं करायला लागली, म्हसावदला माणसं ताटावरून उठली! जेठ्या चप्पल काढून उभा, डोळे मिटलेले. दिलवरसिंग वाजवतोय पण बघतोय फक्त त्या दोन भेगाळलेल्या पायांकडं. एक अंगठा हलला. मग दुसरा. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, ढोल उचलून धरायला सांगितला, आणि पोराच्या गाण्यात आपला ठोका घातला, त्याच चालीत, कारण ती चाल होळीचीच होती हो, उतरलेली बॅटरी नकळत तिथंच घेऊन गेली होती! अर्धा तास बाप-लेक वाजवत होते. आणि मग जेठ्यानं हात वर केला, पूर्ण वर, सगळं शिवार थांबलं, आणि एकच ठोका दिला, असा, की त्यानंतर वाजवायला काही उरलंच नाही.

शेवट! डिझेल टाकीत शिल्लक असताना शेवट! बावीस वर्षांत पहिल्यांदा ते गाणं संपलं! जोसेफनं छातीवर क्रूसाची खूण केली, शिवाजी गप्प झाला, आयुष्यात पहिल्यांदा. जेठ्यानं टिपरू पोराच्या हातात ठेवलं. म्हणाला, "आला." मग थोडं थांबून, "उशीर केलास. पण आला." या होळीला तो मोठा ढोल दिलवरसिंगनं वाजवला. बाप बाजूला बसला होता, चप्पल काढून.

काय? सगळं खरं का? मगाशी शपथ घेतली ना! विहीर खरी, जाऊन बघा, ताडपत्री अजून आहे. गोरे खरे. जांभई देणारी कॅसेट खरी. घोडा घोरला तेही खरं, ते तर मला… बरं. ठीक आहे. तापीमाईची शपथ घेतलीय तर सांगतो. एक गोष्ट माझ्या पदरची आहे. चुनीलाल नावाचा नवरदेव नव्हता. आणि मी सुरतलाही नव्हतो. रेवाबाई माझी आजी, फुलवंताबाई माझी सासू, आणि तोंडावर सेहरा होता म्हणून जगात कोणी ओळखत नाही एवढंच.

नाव मी का बदललं विचारता? अहो, परवाच माझी पोरगी रविना कॉलेजातून तो काळा टी-शर्ट घालून आली, सगळ्या मैत्रिणींनी घेतलाय म्हणे, आरशापुढं उभी राहून हसतेय, "पप्पा, तुम्ही तर सगळ्यांना ओळखता, हा घोड्यावर झोपलेला येडा कोण हो?" आतून तिच्या आईची पळी थांबली. बावीस वर्षं थांबलीय ती, घोड्यावर झोपलो तो मीच, हे एकदा माझ्या तोंडून ऐकायला.

मी म्हटलं, "कोण की बाई… चुनीलाल का कोण होता."